आरओ रिजेक्टचे पुढे काय करायचे? समुद्राच्या ब्राइनसाठीची मेम्ब्रेन तंत्रे आपल्या बोअरच्या पाण्याला लागू पडतात का?

बॉयलरहाऊस (हिंगणा) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात बॉयलर, कॉम्प्रेसर आणि पाणी या तिन्हींची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमचा आरओ बोअरच्या पाण्यावर चालतो. दिवसाला १२० घनमीटर पाणी आत जाते, ८४ घनमीटर शुद्ध पाणी मिळते आणि ३६ घनमीटर रिजेक्ट, म्हणजे उरलेले दाट खारट पाणी, बाहेर पडते. म्हणजे रिकव्हरी ७० टक्के. कच्च्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, सरासरी ९०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, एकूण कठीणपणा ४२० आणि सिलिका ४५ आहे. रिजेक्टचा टीडीएस ३००० च्या आसपास असतो.

आजवर हे रिजेक्ट शौचालयांच्या फ्लशला, आवार धुवायला आणि उरलेले बागेला जात असे. आता बागेतली काळी माती पाऊस उघडला की सिमेंटसारखी बसते, कडुनिंब सोडून बहुतेक झाडे पिवळी पडली आहेत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी टीडीएसच्या २१०० च्या मर्यादेवर बोट ठेवून आमच्याकडे रिजेक्टचा हिशेब मागण्यात आला. दोन पुरवठादारांचे प्रस्ताव टेबलावर आहेत. एक म्हणतो की सगळे ३६ घनमीटर बहुपरिणामी बाष्पकात, म्हणजे वाफेवर पाणी उकळून उडवणाऱ्या एमईईत, घाला आणि शेवटी ड्रायर लावा. दुसरा म्हणतो की वाफ अजिबात नको, नॅनोफिल्ट्रेशन, इलेक्ट्रोडायलिसिस आणि मेम्ब्रेन डिस्टिलेशन अशी मालिका लावू, कारण आखाती देशांत समुद्राच्या ब्राइनवर, म्हणजे गोडे पाणी काढून उरलेल्या दाट खाऱ्या पाण्यावर, हेच चालले आहे. मालकांना दुसरा प्रस्ताव आवडला आहे, कारण त्यात कोळसा नाही. मला मात्र तो वाचून समजत नाही की यातले कोणते यंत्र आमच्या कोणत्या अडचणीवर आहे.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो, उपयोगी पडले तर पाहावे. आमच्या आरओचा दाब वर्षातून दोनदा चढतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत. दोन्ही वेळा आम्ही तेच आम्लाचे क्लीनिंग करतो. मेमध्ये गुण येतो, थंडीत येत नाही.

जुना बीकर यांचे उत्तर:

आपले शेवटचे निरीक्षण दोन्ही प्रस्तावांपेक्षा जास्त सांगून जाते, त्याकडे शेवटी येतो. पटलांच्या, म्हणजे मेम्ब्रेनच्या, प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच कबूल करतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून ४५ टक्के गोडे पाणी काढले की उरलेल्या ब्राइनमध्ये ते ६३-६४ ग्रॅमपर्यंत जातात. खाऱ्या पाण्याचा स्वतःचा परासरण दाब असतो आणि तो ओलांडल्याशिवाय पटलातून गोडे पाणी येत नाही. समुद्राच्या पाण्यासाठी हा दाब सुमारे २७ बार, तर ७० ग्रॅमच्या ब्राइनसाठी त्याच्या दुपटीच्या आसपास. नेहमीच्या समुद्री पटलांची नळकांडी साधारण ८३ बारपर्यंत टिकतात, म्हणून तिथे पुढे जायला जागाच उरत नाही. अति-उच्च दाबाचे आरओ, जे १२० बारपर्यंत जाते, किंवा इलेक्ट्रोडायलिसिस, किंवा मेम्ब्रेन डिस्टिलेशन, ही सगळी तंत्रे त्या भिंतीपलीकडे जाण्यासाठी ब्राइनवर आणली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासानुसार जगभरातील प्रकल्प दिवसाला सुमारे ९.५ कोटी घनमीटर गोडे पाणी आणि त्याहून जास्त, म्हणजे सुमारे १४.२ कोटी घनमीटर, ब्राइन तयार करत होते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक ब्राइन सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत आणि कतार या चार देशांत तयार होत होती. त्यांची काळजी खरी आहे, पण ती आपली नाही.

आपल्या ३ ग्रॅमच्या रिजेक्टचा परासरण दाब जेमतेम दोन-सव्वादोन बार आहे. म्हणजे दाबाच्या दृष्टीने आपण अजून भिंतीच्या जवळपासही नाही. तरीही आपली रिकव्हरी ७० टक्क्यांवर अडली आहे, ती सिलिकामुळे. रिकव्हरी ७० टक्के म्हणजे पाण्यात जे काही आहे ते ३.३ पट दाट झाले. सिलिका ४५ वरून १५० वर गेली आणि कठीणपणा ४२० वरून १४०० वर. साध्या तापमानाला सिलिकाची विद्राव्यता १२० ते १५० च्या दरम्यान असते. अँटीस्केलंटच्या, म्हणजे थर बसू न देणाऱ्या रसायनाच्या, जोरावर आपण थोडे पुढे ढकलत आहात, एवढेच. हिंगण्याचा भाग बेसाल्टवर आहे आणि या खडकातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका असणारच.

म्हणून समुद्रावरून आलेले प्रत्येक यंत्र या प्रश्नासमोर उभे करून पाहा.

नॅनोफिल्ट्रेशन कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट अडवते, सोडियम आणि क्लोराइड बरेचसे जाऊ देते. समुद्राच्या ब्राइनमधून स्वच्छ मीठ वेगळे करायचे असेल तर ते उत्तम हत्यार आहे. सिलिकेवर मात्र नेहमीच्या पीएचला विद्युतभार नसतो, त्यामुळे तिचा बराच भाग त्यातून निसटतो आणि पुढच्या टप्प्याला अडचण जशीच्या तशी भेटते.

इलेक्ट्रोडायलिसिसचे उलटे आहे. तिथे विजेच्या ओढीने आयन सरकतात आणि पाणी जागेवर राहते. सिलिका भाररहित असल्यामुळे ती सरकत नाही आणि दाटही होत नाही. ध्रुव ठराविक मिनिटांनी उलटवणारा प्रकार घेतला तर पटलावर नुकताच बसू लागलेला थर सुटून जातो. सिलिकायुक्त पाण्यासाठी हा प्रकार मला मनापासून आवडतो. पण लक्षात घ्या की सिलिका गोड्या बाजूलाच राहते, त्यामुळे ते पाणी बॉयलरला देता येणार नाही. जपानमध्ये खाण्याचे मीठ मिठागरांऐवजी समुद्राच्या पाण्यावर आयन विनिमय पटले लावून करतात, आणि १९७२ पासून तिकडचा हा सगळा उद्योग याच पद्धतीवर गेला. त्यावरून तंत्र किती मुरलेले आहे हे कळते. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने या पटलांवर कित्येक दशके काम केले आहे.

मेम्ब्रेन डिस्टिलेशनमध्ये पाणी न शोषणारे सच्छिद्र पटल असते, एका बाजूला ६०-७० अंशांचे खारे पाणी, दुसरीकडे थंड बाजू, आणि पटलातून फक्त वाफ जाते. क्षार कितीही दाट असले तरी ते फार अडत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र आपला कारखाना खाद्यपदार्थांचा आहे. धुण्याच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश त्या पाण्यात आला, तर पटल ओले होते आणि खारे पाणीच सरळ पलीकडे जाते. शिवाय पाणी वाफ करूनच न्यायचे असल्यामुळे उष्णता लागतेच. एक घनमीटर पाणी उष्णतेची परतफेड न करता उडवायचे तर सुमारे ६३० युनिट उष्णता लागते, मग मधे पटल असो वा नसो. कॉम्प्रेसरची किंवा चिमणीची वाया जाणारी उष्णता हाताशी असेल तरच याचा विचार करावा. कोळसा नाही या विधानात ही उष्णता कुठून येणार ते लिहिलेले आहे का, तेवढे पुरवठादाराला विचारा.

आता मे आणि डिसेंबरबद्दल. कॅल्शियम कार्बोनेट उष्ण पाण्यात कमी विरघळते, सिलिका थंड पाण्यात. बोअरमधून पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचे येत असले तरी आपली साठवण टाकी बहुधा उघड्यावर असावी. मेमध्ये ती तापते आणि शेवटच्या पटलांवर चुनखडी बसते, ती आम्लाने सुटते. जानेवारीच्या पहाटे तेच पाणी गार होते आणि सिलिका बसते, तिला आम्ल काही करत नाही. थंड पाणी जास्त चिकट होऊन पटलातून सावकाश जाते, अंशामागे साधारण तीन टक्के, हेही खरे आहे, त्यामुळे थंडीतली सगळीच दाबवाढ सिलिकेच्या नावावर टाकू नये. तापमानाची दुरुस्ती करून प्रवाहाची नोंद ठेवली की दोन्ही वेगळे दिसतात.

माझ्या मते क्रम असा असावा: रिजेक्टमधून आधी चुन्याने कठीणपणा आणि सिलिका काढावी, उरलेला कठीणपणा सॉफ्टनरने, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बदल्यात सोडियम देणाऱ्या यंत्राने, शून्यावर आणावा, मग पीएच १० च्या वर ठेवून दुसरा आरओ चालवावा. त्या पीएचला सिलिका आयनरूप घेते आणि तिची विद्राव्यता कितीतरी वाढते. कठीणपणा मात्र अगदी शून्य हवा, नाहीतर त्याच पीएचला कार्बोनेटचा दगड होतो. या दुसऱ्या आरओने ८० टक्के पाणी परत दिले तर बाष्पकाकडे ३६ ऐवजी सुमारे ७ घनमीटर जाईल. आरओला घनमीटरमागे एक ते दीड युनिट वीज लागेल, तर यांत्रिक वाफदाबाच्या, म्हणजे स्वतःचीच वाफ दाबून पुन्हा वापरणाऱ्या, बाष्पकालाही वीस-पंचवीस युनिट लागतात. म्हणजे दोन्ही पुरवठादारांचे यंत्र चुकीच्या जागी आहे, असे माझे मत झाले आहे. एकाने बाष्पक फार लवकर आणला, दुसऱ्याने पटले फार लवकर आणली.

कृपया कच्च्या पाण्याची क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी, कळवा. त्या आकड्याशिवाय चुन्याबद्दल ठाम बोलता येत नाही.

बुटीबोरी शिफ्ट यांचे उत्तर:

बीकर साहेबांनी जे कागदावर लिहिले ते मी करवतीने पाहिले आहे. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी असाच पूर्ण मेम्ब्रेनचा प्रकल्प बसवला होता. पुरवठादाराचे नाव घेत नाही, कारण चूक अर्धी आमचीही होती. निविदेबरोबर आम्ही जो पाण्याचा अहवाल दिला त्यात सिलिका, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम हे रकानेच नव्हते, आणि त्यांनी ते मागितले नाहीत. पहिल्या थंडीतच दुसऱ्या टप्प्याचा दाब १४ वरून २१ वर गेला.

शेवटच्या नळकांड्यातले सर्वांत शेवटचे मेम्ब्रेन काढून आम्ही वर्कशॉपमध्ये उभे कापले. आतली पाने उलगडली तेव्हा त्यांवर पिवळसर, काचेसारखा चुरचुरणारा थर होता, नखाने खरवडला तर अभ्रकासारखे बारीक पापुद्रे निघत होते. प्रयोगशाळेतल्या मुलाने त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. काहीच झाले नाही. त्याच मेम्ब्रेनच्या पुढच्या टोकाकडे पांढरा भुकटीसारखा पट्टा होता, तिथे थेंब पडताच सोडा फुटल्यासारखा फेस आला. एकाच पानावर आपल्या बेसाल्टचे दोन्ही नमुने. बॉयलरहाऊस भाऊ, आपले जुने मेम्ब्रेन बदलायचे असेल तेव्हा भंगारात देऊ नका, एक कापून पाहा. सल्ला देणाऱ्याच्या तीन भेटींचे काम दहा मिनिटांत होते.

दुसरी गोष्ट, रिजेक्ट आणि कारखान्याचे धुण्याचे सांडपाणी एकाच टाकीत सोडू नका. आमच्याकडे पाइप वाचवण्यासाठी ते एकत्र केले होते. स्वच्छ पण खारे पाणी आणि घाण पण कमी खारे पाणी एकत्र झाले की घाण आणि खारे असे दुप्पट पाणी तयार होते, आणि त्यावर कोणतेच मेम्ब्रेन नीट चालत नाही. पाइप नंतर वेगळा टाकला तेव्हा रस्ता खोदण्याचा खर्च पाइपाच्या तिप्पट आला.

आणि उन्हाच्या भरवशावर बाष्पीभवन तळे कोणी सुचवले तर हसून नकार द्या. एप्रिल-मेमध्ये इथे ४४-४५ अंशांत पाणी डोळ्यांदेखत उडते हे खरे, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस त्याच तळ्यात पडतो. आमच्या शेजाऱ्यांचे तळे ऑगस्टमध्ये काठोकाठ भरले होते, आणि खालची काळी माती फुगून प्लास्टिकचे अस्तर एका कोपऱ्यात फाटले होते.

मोर्णाकाठ यांचे उत्तर:

मी मूळचा अकोल्याकडचा, खारपाणपट्ट्यातला, आता नागपुरात स्थायिक. आपल्या बागेतल्या मातीबद्दल लिहावेसे वाटले, कारण पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत लोक ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. काळ्या मातीचे कण सोडियम चिकटला की सुटे होतात, पाऊस पडला की चिखल होऊन भोके बुजतात आणि सुकले की फरशी होते. म्हणून बागेसाठी फक्त टीडीएस पाहून चालत नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती हे पाहावे लागते. आता गंमत अशी की आपले आजचे रिजेक्ट कठीण आहे, त्यात कॅल्शियम भरपूर आहे, त्यामुळे एकट्या रिजेक्टने माती इतकी बसू नये. सॉफ्टनर असेल तर तो पुन्हा ताजा करताना (रिजनरेशन) निघणारे मिठाचे धुवण कुठे सोडता? माझा संशय त्याच्यावर आहे.

पुनर्वापराबद्दल एक मुद्दा. तिरुपूरच्या रंगकाम कारखान्यांना मद्रास उच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशाने टाळे लागले, आणि पुढे तिथे शून्य विसर्ग, म्हणजे सांडपाणी अजिबात बाहेर न सोडणे, स्वीकारावा लागला. त्यातून जी एक शहाणपणाची वाट निघाली ती अशी की सगळी ब्राइन उडवण्याऐवजी ती स्वच्छ करून पुन्हा रंगाच्या हौदात वापरायची, कारण कापूस रंगवायला मीठ लागतेच. तिथे ब्राइनला गिऱ्हाईक घरातच होते. आपल्याकडे असे गिऱ्हाईक फक्त सॉफ्टनर आहे, आणि त्याला आठ-दहा टक्क्यांचे, बहुतांशी सोडियम क्लोराइडचे पाणी लागते. आपल्या पाण्यातले क्षार बहुतेक बायकार्बोनेटचे दिसतात. त्यामुळे ब्राइनमधून मीठ मिळवून विकू असे कोणी सांगितले तर त्याने आपला अहवाल वाचलेला नाही, असे समजावे. खारपाणपट्ट्यात हीच कल्पना निदान तपासून पाहण्यासारखी आहे.

जाता जाता, जपानमध्ये फुकुओका येथे २०२५ साली निर्लवणीकरणाची ब्राइन आणि शुद्ध केलेले सांडपाणी पटलाच्या दोन बाजूंना ठेवून परासरणाच्या दाबावर वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. वाचायला फार छान आहे. पण आपल्याकडे ३ ग्रॅमवर त्यातून दिवाही लागणार नाही.

बॉयलरहाऊस (हिंगणा):

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभरात जे केले ते कळवतो.

मोर्णाकाठ भाऊंचा संशय खरा निघाला. पॅकिंग विभागाच्या मागे एक जुना सॉफ्टनर आहे, त्याच्या रिजनरेशनचे मिठाचे पाणी सात वर्षांपासून बागेच्या नाल्यात जात होते. मला हे माळ्याकडून कळले, आमच्या नकाशात तो पाइपच नाही. तो बंद केला आहे.

क्षारता ३८० निघाली, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. सिलिका पुन्हा तपासली, ४७ आली. कच्च्या पाण्याची टाकी गच्चीवर, काळ्या प्लास्टिकची आणि उघड्यावर आहे. पहाटे साडेपाचला थर्मामीटर सोडला तर १७ अंश, दुपारी तीनला २९.

बीकर साहेबांच्या सांगण्यावरून रिजेक्टचे पाच जार घेऊन त्यांत वेगवेगळ्या मात्रेत चुना टाकून ढवळून पाहिला. पीएच १०.८ च्या जारमध्ये पांढरा गाळ चटकन बसला, वरच्या पाण्याचा कठीणपणा १४०० वरून १९० वर आणि सिलिका १५० वरून ६० वर आली. पीएच १० च्या जारमध्ये कठीणपणा बराच उतरला होता, पण सिलिका १२५ च होती. हा फरक का पडला? आणि इतका गाळ रोज निघाला तर तो कुठे ठेवायचा, हा मालकांचा पहिला प्रश्न आहे.

जुना बीकर:

जारचा प्रयोग फार चांगला केलात. फरक मॅग्नेशियमचा आहे. पीएच १० ला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, पण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड भरपूर बसायला पीएच साडेदहाच्या वर जावे लागते, आणि सिलिका बसते ती त्या हायड्रॉक्साइडच्या ओशट गाळाला चिकटून. पाण्यात पुरेसे मॅग्नेशियम नसेल तर थोडा डोलोमाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम असलेला, चुना मिसळतात. आपल्याला कदाचित गरज पडणार नाही, पण एका जारमध्ये करून पाहा.

क्षारता ३८० आणि कठीणपणा ४२० म्हणजे आपला जवळजवळ सगळा कठीणपणा कार्बोनेटचा आहे. ही चांगली बातमी आहे, कारण चुना टाकला की नुसता कठीणपणा जात नाही, क्षारांचा मोठा भाग गाळ होऊन पाण्याबाहेर पडतो. रोज आपल्या बोअरमधून १२० घनमीटरमागे १०८ किलो क्षार वर येतात, दोन पोती, आणि यंत्र कोणतेही लावले तरी ती दोन पोती कोणत्या तरी रूपात कुठेतरी ठेवावीच लागणार. बाष्पकातून ती मिश्र मीठ म्हणून निघाली, तर ते मीठ पावसात विरघळते आणि बहुधा बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पाकडे पैसे देऊन पाठवावे लागते. चुन्याच्या गाळात ती मुख्यतः खडूच्या रूपात निघतात. वजन वाढेल, कारण टाकलेला चुनाही त्यातच बसतो, कोरडा धरून दिवसाला शंभर किलोच्या आसपास. पण हा गाळ पाण्यात विरघळत नाही. गाळातले पाणी पिळून काढायला छोटा फिल्टर प्रेस लागेल. तो गाळ विटा किंवा पेव्हर ब्लॉकवाल्यांना देता येईल का, हे नमुना तपासून आणि संमतीपत्रात लिहून घेऊनच ठरवा, तोंडी परवानगीवर एक गाडीही बाहेर काढू नका.

पुढची पायरी म्हणून दुसऱ्या पुरवठादाराला एवढेच लिहा की चुना आणि सॉफ्टनरनंतरच्या पाण्यावर चार इंची एका नळकांड्याचा आरओ दोन महिने चालवून दाखवा, आणि ते दोन महिने डिसेंबर व जानेवारी असावेत. एमईईचा प्रस्ताव त्यांचा निकाल येईपर्यंत थांबवा. कागदावरच्या ७ घनमीटरवर बाष्पकाचा आकार ठरवू नका, चाचणीत जे उरेल त्यावर ठरवा. पहिल्या आरओचे अँटीस्केलंट रिजेक्टमध्ये उरते आणि गाळ बसू देत नाही, त्यामुळे एखाद्या दिवशी जार बिघडला तर आधी त्याची मात्रा पाहा.

बुटीबोरी शिफ्ट:

आणि गच्चीवरच्या त्या काळ्या टाकीवर शेड टाका, बाजूंना जुने गोणपाट किंवा थर्माकोल बांधा. दुपारी ते झाकते, पहाटे उबेला ठेवते. आमच्याकडे एवढ्यानेच पहाटेचे पाणी चार अंशांनी वर आले होते, आणि त्याला कोणाची निविदा लागली नाही.